हाड मोडते ते पडल्यामुळे की पोखरल्यामुळे?



पावसाळा आला की गावात एक बातमी ठरलेली असते. कुणाची तरी आई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. "वय झालं, चालायचंच," असे म्हणून आपण गप्प बसतो. पण तरणा गडी गाडीवरून पडला तरी कपडे झटकून उठतो आणि सत्तरीतल्या माउलीचे हाड नुसते घसरल्याने मोडते, ते का? याचा थोडा विचार करू.

हाड म्हणजे दगड नव्हे. घराचा स्लॅब डोळ्यांपुढे आणा. नुसते सिमेंट तडकते, नुसती सळई वाकते. दोन्ही एकत्र आली म्हणजे बळकटी येते. हाडात कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार हे सिमेंट आणि कोलॅजन नावाचे प्रथिन ही सळई. वजनाने सुमारे ६० ते ६५ टक्के क्षार. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन आणि पाणी.

खात्री घरीच करता येते. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडे घ्या. एक आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे चुलीच्या निखाऱ्यात चांगले जाळा. आकार तसाच राहतो, पण कोलॅजन जळालेले असते. दाबले की भुगा होतो.

या कोलॅजनची घडण आपल्याच देशात उलगडली. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली दाखवून दिले की त्यात तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात, अगदी आपल्या तिपेडी दोरासारखे. हा पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागते. म्हणून आवळा, पेरू, लिंबू यांची आठवण ठेवावी.

शरीरात जुने हाड पाडण्याचे आणि नवे बांधण्याचे काम सतत चालू असते. तिशीपर्यंत बांधणी पुढे असते. नंतर हळूहळू पाडणी वरचढ होते. बायकांची पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे तर झीज फारच वेगाने होते. ही झीज दुखत नाही, म्हणून कळत नाही. उंची कमी होणे, पाठीला पोक येणे या तिच्या खुणा. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आता जिल्ह्याच्या गावी बहुधा होते.

मग करायचे काय? मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी, दूध-ताक, तीळ आणि पालेभाजी पानात असावी. सळईसाठी डाळी-उसळी, अंडी, मासे खावेत. दूध सगळे डेअरीला घालून घरच्या म्हातारीला कोरा चहा, असे मात्र होऊ देऊ नये!

क्षार अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हातून मिळते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारसे तयार होत नाही. दहा-अकरानंतर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावे. कडक उन्हाळ्यात जपून. शिवाय हाडावर भार पडला तरच शरीर ते बांधते. म्हणून "आता बसून खा" म्हणणे ही सेवा नव्हे. झेपेल तेवढे चालणे, उठबस चालू राहू द्या. बिडी-सिगारेट आणि दारू ही तर हाडांची वैरीच.

हल्ली कोलॅजन पावडरीचे महागडे डबे विकले जातात. पोटात गेल्यावर तेही इतर प्रथिनांसारखेच पचून त्याचे बारीक तुकडे होतात. जसेच्या तसे हाडात जाऊन बसत नाही. त्याने हाड मोडायचे टळते, असे सिद्ध झालेले नाही. तो पैसा दूध-डाळीवर खर्च करावा, असे आमचे मत.

खोडव्याकडे दुर्लक्ष केले की टनेज घटते, हे आपल्याला सांगायला नको. घरातल्या वडीलधाऱ्यांचेही तसेच आहे. आजच मोरीतले शेवाळ खरवडून काढा, धरायला भिंतीत एक पाइप बसवा आणि रात्री एक दिवा चालू ठेवा. मोडलेले हाड सांधण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त पडते.