सव्वाचार सेकंदांना एक डबा

चला, मोजायला बसू. सुरुवात अगदी ओळखीच्या वस्तूपासून. महामार्गावर ट्रेलरच्या पाठीवर दिसतो तो लोखंडी कंटेनर. २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. जगभरची बंदरे याच २० फुटी डब्याला एक माप मानतात आणि त्याला टीईयू म्हणतात. ४० फुटी डबा आला की तो दोन म्हणून मोजायचा. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचा सगळा प्रवास भागाकार-गुणाकारांचा आहे.

आता चला उरणजवळ, न्हावा शेव्याला. जवाहरलाल नेहरू बंदर. १९८९च्या मे महिन्यात सुरू झालेले. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात इथे सुमारे ७३ लाख डब्यांची चढउतार झाली. ७३ लाख डोळ्यांसमोर येत नाहीत ना? ३६५ने भागा. दिवसाला २० हजार! दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांना २० हजारांनी भागा. उत्तर, सव्वाचार सेकंदांहून जरासे जास्त. म्हणजे तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत एक डबा जागचा हलला. रात्री तुम्ही सात तास झोपलात, तेवढ्यात ५,८०० हलले.

आता हे २० हजार डबे एकामागोमाग रस्त्यावर मांडू. एक डबा सहा मीटरांहून किंचित लांब, म्हणून रांग होते १२१ किलोमीटरांची. मुंबईत पहिला डबा ठेवला, तर रांग घाट चढते, लोणावळा मागे टाकते आणि पुण्याकडे धावत सुटते. फक्त एका दिवसाची रांग! रेल्वेने न्यायचे म्हटले तर ४५ वाघिणींची मालगाडी, प्रत्येक वाघिणीवर दोन डबे, गाडीला ९०. लागतात २२२ गाड्या. चोवीस तास, दर साडेसहा मिनिटांना एक मालगाडी. आणि वर्षभराचे ७३ लाख डबे मांडले तर? ४४ हजार किलोमीटर! पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. पृथ्वीला पुरता वेढा घातला, तरी हातात एवढी रांग शिल्लक राहते की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अंथरून वर थोडी उरावी.

हे डबे येतात कशातून? २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ह्यूस्टनला निघाले. माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाची कल्पना, आणि डेकवर ५८ डबे. ५८! आता २०२५च्या जून महिन्यात या. ९ तारखेला केरळातल्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ धक्क्याला लागले. त्याची क्षमता २४,३४६ डबे. सत्तर वर्षांच्या आत शेकडो पट.

आता तेवढे डबे रस्त्यावर मांडू या. होतात साधारण १४८ किलोमीटर. मुंबई ते पुणे! एका जहाजाच्या पोटात आणि पाठीवर मिळून मुंबई-पुणे रस्ता मावतो, पूर्ण, घाटासकट. हेच डबे मालगाड्यांवर चढवायचे तर २७० गाड्या हव्यात. जहाजाची लांबी ४०० मीटर. १५ डब्यांची लोकल शेजारी उभी केली, तरी जहाज पुढे उरते. रुंदी ६१ मीटर. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या टोकाला टोक लावून आडव्या टाका, तरी हातभर जागा राहते. वजन वाहण्याची ताकद सुमारे २ लाख ४० हजार टन. इंधन, पाणी वगैरे वजा करून २ लाख टन कांदा भरला असे समजू. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्यातल्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत पावणेदोन किलो कांदा पडेल. एका खेपेत.

एवढे धूड ढकलायला इंजिन किती मोठे लागते? २००६मध्ये समुद्रात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ जहाजाचे इंजिन घ्या. १४ सिलिंडर, उंची साडेतेरा मीटर, नुसत्या इंजिनाचे वजन २,३०० टन. ताकद १ लाख ९ हजार अश्वशक्तीच्या घरात. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारे डब्ल्यूएपी-७ हे विजेचे इंजिन साधारण ६,३५० अश्वशक्तीचे. अशी १७ इंजिने एकत्र जोडली की जहाजाच्या एका इंजिनाची बरोबरी होते.

आता धक्क्यावर उभे राहा. ‘इरिना’ लागले आहे, डबे उतरवायचे आहेत. क्रेन तासाला ३०च्या आसपास डबे उचलते. सगळे डबे ४० फुटी धरले तर उचलायचे सुमारे १२ हजार. एकटी क्रेन जेवणखाण, झोप काही न घेता राबली तर ४०० तास. जवळपास १७ दिवस! म्हणून तर एकाच जहाजावर अनेक क्रेन तुटून पडतात. आणि म्हणूनच बंदरांच्या कारभारावर संशोधन करणारे एका डब्यामागच्या एका मिनिटासाठी जिवाचे रान करतात. १२ हजार डब्यांमागे एकेक मिनिट वाचवा. वाचले २०० तास. क्रेनचे आठ दिवस एका जहाजामागे मोकळे!

पण उतरवलेले डबे रचायचे कसे? जो आधी जाणार तो वर हवा, नाहीतर खालचा काढायला वरचे सगळे हलवा. सोपे वाटते? पाच डब्यांचा क्रम १२० तऱ्हांनी लावता येतो. दहा डब्यांचा ३६ लाख २८ हजार ८०० तऱ्हांनी. वीस डब्यांचा? २४वर १७ शून्ये, त्याहूनही थोडे जास्त! सेकंदाला एक रचना तपासत बसलात, तर विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत गेलेली १३८० कोटी वर्षे पुरत नाहीत. तेवढा काळ पाच वेळा लागतो आणि सहावा अर्ध्यावर येतो. हे फक्त २० डब्यांचे. बंदरात रोज २० हजार हलतात. संगणकाला सगळ्या रचना तपासायला लावणे अशक्यच, म्हणून चांगली रचना झटकन हुडकणारी गणिते शोधावी लागतात. तीच गणिते डबे रचून ठेवायच्या यार्डांमध्ये दिवसरात्र चालू असतात.

इथवर माणसाने केलेल्या वस्तूंची मोजमापे झाली. आता समुद्राकडे वळू, आणि श्वास भरून घेऊ.

पावसाळ्यातली तीन मीटर उंचीची लाट घ्या. दर आठ सेकंदांना एक. खोल पाण्यात अशा लाटांच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सुमारे ३५ किलोवॉट शक्ती किनाऱ्याकडे सरकत असते. एका किलोमीटरला ३५ मेगावॉट. महाराष्ट्राचा किनारा आपण शाळेपासून ७२० किलोमीटरांचा म्हणून शिकलो. गुणाकार करा. २५ हजार मेगावॉट! कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. जवळपास १३ कोयना प्रकल्प एकाच वेळी, पूर्ण ताकदीने, आपल्या किनाऱ्यावर चालून येतात.

अशा लाटेसमोर दगड किती मोठा ठेवायचा? मरीन ड्राइव्हवरचे चार पायांचे टेट्रापॉड सुमारे २ टनांचे. १९५०मध्ये फ्रान्समध्ये शोध लागलेला हा आकार. आता नियम ऐका. लाटेची उंची दुप्पट झाली, तर दगडाचे वजन दुप्पट करून भागत नाही. आठपट करावे लागते. लाट तिप्पट, वजन सत्तावीसपट! २ टनांचे ५४ टन होतात. आणि धडका किती? आठ सेकंदांना एक या हिशेबाने पावसाळ्याच्या चार महिन्यांत १३ लाख, वर्षाला ३९ लाख, ५० वर्षांत १९ कोटींहून अधिक. बंदराच्या भिंतीला यातली प्रत्येक धडक सोसायची असते.

लाट तरी डोळ्यांना दिसते. भरतीचे पाणी गुपचूप चढते, आणि त्याचे आकडे ऐकून हात टेकावेत. समुद्राचा फक्त एक चौरस किलोमीटर तुकडा घ्या. उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटर चढले. किती पाणी आले? ४०० कोटी लिटर! सगळ्या मुंबईला, झोपडीपासून टॉवरपर्यंत, सात तलावांतून रोज मिळते ते पाणी साधारण एवढेच. वीस फूट व्यासाच्या आणि चाळीस फूट खोल विहिरींत भरायचे तर ११ हजार विहिरी काठोकाठ भरतील. एका चौरस किलोमीटरवर, सहा तासांत. आणि पुढच्या सहा तासांत सगळे परत. सात चौरस किलोमीटर धरा, झाले एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. चौदा धरा, दोन टीएमसी. म्हणजे खडकवासला धरण!

खडकवासल्याचे नाव काढले आहे तर तिथेच थांबू. धरणाच्या खालच्या अंगाला, समुद्रापासून घाटापलीकडे, १९१६पासून चालत आलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. सीडब्ल्यूपीआरएस म्हणून ओळखली जाणारी. देशातल्या बंदरांच्या प्रतिकृती इथल्या प्रचंड शेडमध्ये बांधल्या जातात. समुद्रतळ, धक्के, बांध, सगळे मापात. यंत्रे लाटा उठवतात, भरती आणतात, ओहोटी नेतात. एकास शंभर मापाची प्रतिकृती डोळ्यांसमोर आणा. ४०० मीटरांचे जहाज चार मीटरांचे होते. पाच मीटरांची लाट पाच सेंटिमीटरांची होते. आता गंमत पाहा: लांबी शंभरपट आटली की काळ दहापट आटतो आणि वजन दहा लाखपट! साडेबारा तासांचे भरती-ओहोटीचे चक्र सव्वा तासात उरकते. दोन दिवसांचे वादळ पाच तासांच्या आत येऊन जाते. आणि आठ टनांचा काँक्रीटचा ठोकळा? आठ ग्रॅमचा. दहा रुपयांच्या नाण्याएवढा! समुद्रातल्या ज्या ठोकळ्यासाठी क्रेन लागते, तो इथे चिमटीत येतो. तो एक इंच सरकला का, पाय मोडला का, लोळला का, हे इथली माणसे डोळ्यांत तेल घालून बघतात. पुण्यातला एक इंच म्हणजे किनाऱ्यावरचे अडीच मीटर.

या चिमटीवर किती पैसा उभा असतो ते आता पाहू. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. या बंदराच्या अभ्यासातही खडकवासल्याची संस्था आहे. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. पाचशेच्या नोटा करा. १५२ कोटी नोटा! सेकंदाला एक मोजत बसा, न उठता, न झोपता. ४८ वर्षे लागतील. एकीवर एक रचा. नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, आणि चळत होते १५२ किलोमीटर उंच. पुन्हा मुंबई-पुणे, या वेळी सरळ आकाशात!

समुद्रात भराव घालून जमीन करायची आहे १,४४८ हेक्टर. दादरची १२५हून अधिक शिवाजी पार्क मैदाने. यावर फक्त एक मीटर जाडीचा थर टाकायचा, तर दहा घनमीटरच्या डंपरच्या साडेचौदा लाख खेपा. दर मिनिटाला एक डंपर, रात्रंदिवस, तरी पावणेतीन वर्षे. हा फक्त पहिला मीटर! लाटा अडवणारा बांध १० किलोमीटरांहून लांब. आणि भरावाएवढ्याच आकाराच्या शेजारच्या समुद्रात भरती सरासरी तीन मीटर धरली, तरी वर्षातल्या ७०५ भरत्यांचे पाणी होते १,०८० टीएमसी. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. नऊ उजनी भरून वर पाणी वाहील. याच पाण्यावर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांची पिढ्यान्‌पिढ्या रोजी चालते, आणि बंदराला त्यांचा विरोध जुना आहे. एवढे अवाढव्य आकडे मांडणाऱ्यांनी त्यांच्या जाळ्यांतल्या मासळीचाही हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडायला हवा. लाटेचा सेंटिमीटर मोजणाऱ्या विद्येला माणसांचे नुकसान मोजणे अवघड जाऊ नये.

आता शेवटची चढण. बंदर पूर्ण झाले की वर्षाला २ कोटी ३२ लाख डबे हाताळण्याची क्षमता असेल. न्हावा शेव्याला सव्वाचार सेकंदांना एक डबा, तर इथे चार सेकंदांना तीन! रोजची रांग ३८५ किलोमीटर. वर्षाची १ लाख ४० हजार किलोमीटर. पृथ्वीला साडेतीन वेढे. आणि जो चंद्र या किनाऱ्यावर रोज दोनदा भरती आणतो, तो आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर. भागा. पावणेतीन वर्षे! वाढवणचा धक्का पूर्ण ताकदीने चालला, तर पावणेतीन वर्षांतल्या डब्यांची रांग थेट चंद्राला टेकेल, आणि चौथ्या वर्षाचे डबे त्याच्याही पलीकडे निघालेले असतील!