रॉसचा पूल : नदीकडे तोंड करून कोरलेली शिल्पे

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, होबार्ट आणि लॉन्सेस्टन या शहरांना जोडणाऱ्या जुन्या घोडागाडी-मार्गावर रॉस हे लहानसे गाव असून, तेथे मॅक्वारी नदीवर १८३६ साली बांधून पूर्ण झालेला तीन कमानींचा दगडी पूल आजही वापरात आहे. त्या काळी हे बेट ब्रिटनमधून हद्दपार केलेल्या कैद्यांची वसाहत होते आणि तेथील कित्येक रस्ते, पूल व सरकारी इमारती त्यांच्याच श्रमांतून उभ्या राहिल्या.

नदीवरचा आधीचा लाकडी पूल मोडकळीस आल्यावर सरकारी वास्तुविशारद जॉन ली आर्चर यांनी दगडी पुलाचा आराखडा तयार केला. परंतु पुलासाठीचा दगड परस्पर खासगी बांधकामांकडे वळू लागल्याने काम रेंगाळले आणि डॅनियल हर्बर्ट व जेम्स कोलबेक या दोन कैदी पाथरवटांवर सोपवल्यावरच ते मार्गी लागले.

कमान उभी राहते ती पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेटून धरतात म्हणून. माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत लाकडी साचा त्यांना आधार देतो आणि तो काढल्यावर सगळा भार खांबांवर उतरतो. रॉसच्या पुलाचे वेगळेपण असे की, भार पेलणाऱ्या या पाचरी दगडांच्याच दर्शनी बाजूंवर एकूण १८६ शिल्पे कोरलेली आहेत. वालुकाश्मात उठावाने घडवलेले प्राणी, पाने, गूढ आकृत्या आणि माणसांचे चेहरे त्यांत दाटीने येतात, आणि त्यांपैकी एक चेहरा वसाहतीचे गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांचा मानला जातो. ही कोरीव बाजू प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला असल्याने पुलावरून जाणाऱ्या गाडीतल्या उतारूंना ती दिसत नसे. तिच्यासाठी काठावर उतरावेच लागते. वाहतुकीला या कोरीवकामाची काहीच गरज नव्हती, त्यामुळे सक्तीच्या मजुरीत पाथरवटांनी आपल्या हाताला एवढे मोकळे सोडावे, ही या पुलाची सर्वांत मोलाची गोष्ट मानावी लागते.

या कामाबद्दल दोघांनाही शिक्षेतून माफी मिळाली आणि हर्बर्ट पुढे रॉसमध्येच स्थायिक झाले. १८७६ मध्ये होबार्ट-लॉन्सेस्टन रेल्वे सुरू झाल्यावर घोडागाड्यांचे दिवस सरले. पूल मात्र टिकला. मऊ वालुकाश्म ऊन-पावसाने झिजत असल्याने काही चेहऱ्यांची ओळख पटवणे आता कठीण झाले आहे, आणि म्हणूनच त्यांची तपशीलवार नोंद व जतन ही कामे तातडीची आहेत.