नकली माल बंदरावरच अडतो कसा?

ओळखीच्या कंपनीची म्हणून क्रीम आणली आणि तोंडावर पुरळ उठलं, तर डबीच नकली असू शकते. असा काही माल परदेशातून जहाजाने येतो. रायगड जिल्ह्यातल्या न्हावा-शेवासारख्या बंदरावर तो अडवायचं काम कस्टमचं. पण एवढ्या खोक्यांत खरं-खोटं त्यांना कसं कळणार?

यासाठी २००७ साली नियम झाले. ब्रँडच्या मालकाने कस्टमकडे आधी नोंद करायची आणि खरा माल कसा ओळखायचा ते सांगायचं. संशय आला की अधिकारी माल अडवून मालकाला कळवतात. त्याने साधारण १० कामाच्या दिवसांत पुढे यायचं. नाशवंत मालाला फक्त ३ दिवस. तो आलाच नाही, तर बाकी कागद ठीक असलेला माल सोडावा लागतो! म्हणजे पहारा सरकारचा, पण आपली गाय आपणच ओळखायची.

आपल्या गटाच्या मसाल्याला, पापडाला नाव दिलंय ना? मग त्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी करा. नोंदच नसेल, तर हक्क सांगणं अवघड जातं. आणि खरेदी करताना पक्कं बिल मागायला विसरू नका.