पेपरात आठवत नाही ते बाहेर कसे आठवते?

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरात मला मागणीचा नियम आठवेना. आदल्या रात्री धाकट्या भावाला मी तोच समजावून दिला होता! आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. फीसाठी वडिलांनी शेळी विकली होती, आणि प्रश्नपत्रिकेत मला ती शेळीच दिसत होती. घंटा झाली, व्हरांड्यात आले, अन् नियम शब्दन् शब्द आठवला.

मानसशास्त्राच्या तासाला याचा उलगडा झाला. विचार करताना मन ज्या जागेत चार गोष्टी एकदम धरून ठेवते, ती जागा फार लहान असते. ‘नापास झाले तर?’ हा प्रश्न तिथे ठाण मांडून बसला, की उत्तराला बसायला पाट उरत नाही. (थोडी धास्ती मात्र हवीच, नाहीतर आपण पुस्तक उघडले असते का?)

रामिरेझ आणि बायलॉक या अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली एक उपाय मांडला : पेपरापूर्वी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढावी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरप्रयोगात मात्र तो गुण आढळला नाही. तरी यंदा सहामाहीला मी लिहिले. पहिलेच वाक्य शेळीचे होते. मागणीचा नियम या खेपेस विचारलाच नव्हता!