जुनी विजेची मोटार घेताना



वसंत ऋतूतील व्याख्यानांत संतवाङ्मय असावे, इतिहास असावा, फार तर अर्थशास्त्र असावे, अशी आपली समजूत आहे. तेथे जुन्या मोटारीच्या खरेदीविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु कुटुंबाची साठवलेली पुंजी एका वस्तूत घालायची, आणि त्या वस्तूचे मर्म डोळ्यांना दिसत नसायचे, हा प्रसंग आज आपल्या गावातील पुष्कळ घरांत येऊन ठेपला आहे. शिकलेल्या माणसाने तो कसा सोडवावा, हा विचार या व्यासपीठाला परका नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या रात्रपाळी संपवून रसायनीहून कर्जतला परत येत होता. चौकच्या अलीकडे त्याची मोटारसायकल घसरली. हाड मोडले नाही, एवढीच देवाची कृपा. त्याच्या कामाच्या वेळा आगगाडीला जुळत नाहीत. पहाटे एस.टी. मिळेलच असेही नाही. घरात ठरले की आता डोक्यावर छप्पर असलेले वाहन घ्यायचे. नवी मोटार आवाक्याबाहेर, आणि जुनी पेट्रोलची घेतली तर तिला रोज पोसायचे कसे, ही चिंता. कोणी तरी सुचवले की जुनी विजेची मोटार स्वस्त मिळते. सूनबाईने चार बांगड्या काढून ठेवल्या आणि म्हणाली, "काका, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत. तुम्ही बरोबर जा." या चार बांगड्यांच्या जबाबदारीमुळे मला जे शिकावे लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. विजेवर चालणारी वाहतूक आपल्या भागाला नवी नाही. लोणावळ्याच्या वरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली आणून खोपोलीच्या वीजगृहात १९१५ साली वीज निर्माण होऊ लागली. पुढे १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. म्हणजे खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांत शंभर वर्षांपूर्वीच वीज जन्माला येत होती. १९२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत विजेची पहिली आगगाडी धावली आणि ते दशक संपण्याच्या सुमारास विजेची तार बोरघाट चढून पुण्याकडे गेली. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिने कर्जतलाच जोडली जातात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. फरक इतकाच, की आगगाडीला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते आणि मोटारीला ती बरोबर बांधून न्यावी लागते. ही शिदोरी म्हणजेच बॅटरी. जुन्या विजेच्या मोटारीचा सारा प्रश्न या शिदोरीचा आहे.

आता हिशेब करू. कर्जत ते रसायनी जाऊन-येऊन सुमारे पन्नास किलोमीटर होतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,२५० किलोमीटर झाले. पेट्रोलची लहान मोटार लिटरला १६ किलोमीटर जाते आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपये आहे असे धरा. महिन्याला ७८ लिटर, म्हणजे ७,८०० रुपये लागतील. विजेची मोटार घरच्या मीटरवरील एका युनिटात सुमारे सहा किलोमीटर जाते. म्हणजे २०८ युनिटे लागतील. घरगुती विजेचा दर वापराबरोबर पायरीपायरीने चढतो आणि ही जादा युनिटे वरच्या पायरीवर मोजली जातात. म्हणून युनिटला बारा रुपये असा चढा आकडा धरू. तरी खर्च अडीच हजार होतो. गंमत अशी, की लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलला याच वाटेवर २५ लिटर, म्हणजे अडीच हजारांचेच पेट्रोल लागते. मोटारसायकलच्या खर्चात छप्पर मिळते, हा या व्यवहाराचा खरा अर्थ.

मात्र हा हिशेब रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याचा आहे. ज्यांचे जाणे घरापासून स्टेशनापर्यंत, आणि पुढे लोकलने मुंबईला, त्यांची महिन्याची धाव शंभर-दीडशे किलोमीटरच्या वर जात नाही. त्यांची पेट्रोलमधील बचत विम्याच्या हप्त्यातच बुडेल. अशांनी आजचे व्याख्यान केवळ ज्ञानासाठी ऐकावे. मोटार घेऊ नये.

मग ही गाडी जुनी झाली की इतकी स्वस्त का होते? याला दोन कारणे आहेत. दरवर्षी अधिक मोठ्या बॅटरीच्या नव्या गाड्या येतात, म्हणून जुनीची किंमत पडते. दुसरे कारण भीतीचे. बंगळूर येथे २००१ साली आलेल्या 'रेवा' मोटारीत शिशाच्या बॅटऱ्या होत्या. त्या काही वर्षांत थकत आणि बदलाव्या लागत. ती आठवण लोकांच्या मनात राहिली आहे. आजच्या गाड्यांतील बॅटरी लिथियमची असते. ती एका दिवसात मरत नाही. माठ पाझरावा तशी हळूहळू उणी होत जाते. वय, उष्णता, वारंवार केलेले जलद चार्जिंग, आणि शंभर टक्के भरून उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवणे, ही तिच्या झिजेची मुख्य कारणे.

ही झीज किती चालेल हे आपल्या वाटेवर अवलंबून आहे. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ई.व्ही.ची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणपत्रावर तिची धाव ३१२ किलोमीटर लिहिलेली होती. रस्त्यावर ती सुमारे दोनशे समजावी. बॅटरी वीस टक्के झिजली असेल तर धाव १६० होते. रोजच्या वापरात बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरावी आणि २० च्या खाली जाऊ देऊ नये, म्हणजे ६० टक्के हाती राहतात. त्यांची धाव झाली ९६ किलोमीटर. पन्नास किलोमीटरच्या वाटेला हे पुरून उरते. उलट १९.२ युनिटांची लहान बॅटरी तेवढीच झिजली, तर याच रीतीने हाती साठच किलोमीटर उरतात. आषाढातील रात्री दिवे, पाणी पुसणारे वायपर आणि काचेवरचे धुके घालवणारा पंखा एकदम चालू असताना ही शिल्लक फार तोकडी आहे. झिजलेली बॅटरी वाईटच असे नाही. झीज न कळता नव्याच्या भावाने घेणे हे वाईट.

पण झीज कळावी कशी? विक्रेते पडद्यावरचा आकडा दाखवतात: "पाहा, पूर्ण भरल्यावर दोनशे तीस किलोमीटर!" हा आकडा विश्वासाचा नाही. मागच्या माणसाने गाडी किती सावकाश हाकली, यावरून यंत्र तो अंदाज बांधते. टक्केवारीही फसवी असते. शंभर टक्के म्हणजे आज जेवढे मावते तेवढे; पूर्वी किती मावत असे ते टक्केवारी सांगत नाही. हंडा पोचून लहान झाला तरी काठोकाठ भरला म्हणजे भरलाच म्हणायचा!

म्हणून हंड्यात किती तांबे पाणी मावते ते मोजावे. बॅटरी २० टक्क्यांवर आणा आणि घरच्या चार्जरने ८० टक्क्यांपर्यंत भरा. वायरमनकडून एक साधे वीजमीटर मध्ये जोडून घ्या आणि किती युनिटे गेली ते टिपा. ३०.२ युनिटांच्या नव्या बॅटरीत ६० टक्के म्हणजे १८ युनिटे शिरतात. भरताना शंभरातली बारा उष्णतेत वाया जातात असे धरले, तर मीटरवर साडेवीसच्या आसपास आकडा येईल. तो आकडा साडेसोळाच आला असे समजा. त्यातली साडेचौदा बॅटरीत गेली. ६० टक्क्यांत साडेचौदा, तर शंभरात सुमारे चोवीस. म्हणजे बॅटरी वीस टक्के झिजली. त्रैराशिकापलीकडे यात काही नाही. मात्र काही बॅटऱ्यांची टक्केवारी बरेच दिवस पूर्ण न भरल्यास चुकते. म्हणून मापनाच्या आधी एकदा शंभर टक्के भरून घ्यावी, आणि उत्तर दोन-चार टक्के इकडेतिकडे होईल हे गृहीत धरावे. कंपनीच्या सेवाकेंद्रातून बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी दाखला घेतला तर आपला पडताळा होतो.

आम्ही पाहिलेली पहिली गाडी आरशासारखी चकचकीत होती. मी मीटरचे नाव काढताच विक्रेता म्हणाला, "इतका संशय असेल तर गाडी घेऊच नका." आम्ही त्याचा सल्ला मानला! दुसऱ्या गाडीच्या मालकाने एक रात्र गाडी आमच्या अंगणात ठेवू दिली. बॅटरी चौदा टक्के झिजलेली निघाली. तो आकडा कागदावर मांडून आम्ही भाव ठरवला. येथे माझीही एक चूक सांगतो. घरच्या चार्जरवर गाडी भरते हे पाहून मी समाधान मानले. जलद चार्जिंग करून पाहिले नाही. पुढे लक्षात आले की त्या जोडणीतील एक पिन करपलेली आहे. दुरुस्तीला जे पैसे गेले ते मी माझ्या पेन्शनीतून दिले, कारण चूक माझी होती. दोन्ही प्रकारे गाडी भरून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

आता आपल्या भूमीच्या दोन गोष्टी पाहू. पहिली पावसाची. उल्हासेच्या पुराचे पाणी घरांत शिरलेले आपण पाहिले आहे. बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला येते. आसनांच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, पट्ट्यांच्या टोकांना चिखलाची रेघ आणि कोंदट वास ही तिची लक्षणे. गाडी उचलून बॅटरीच्या पेटीचा तळ पाहावा. खड्ड्यात आपटून तो चेपला असेल तर ती गाडी सोडावी. या गाड्यांत मोटारच वेग आवरते म्हणून ब्रेक कमी वापरले जातात, आणि दमट हवेत त्यांच्या तबकड्या गंजतात, त्याही तपासाव्यात. वजन अधिक असल्याने टायर लवकर झिजतात, तो खर्च भावात धरावा.

दुसरी गोष्ट घाटाची. खोपोलीहून लोणावळा साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. माणसांसह सोळाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला सुमारे अडीच युनिटे जास्त लागतात. उतरताना मोटार उलट जनित्राचे काम करते आणि त्यातली निम्म्याहून अधिक परत मिळतात. मात्र लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून उतरू नये. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कोठे घालणार? अशा वेळी मोटारीची रोध शक्ती कमी होते आणि सारा भार साध्या ब्रेकांवर पडतो.

खोपोलीच्या वीजगृहात तरी निराळे काय होते? पाणी उंचावरून उतरते आणि वीज होते. हजार लिटर पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आले की साधारण एक युनिट मिळते. पुतण्याच्या रोजच्या वाटेला आठ-साडेआठ युनिटे, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणाऱ्या टँकरभर पाणी! अर्थात आपल्या घरात येणाऱ्या विजेत कोळशाचाही मोठा वाटा आहे. धूर नाहीसा होत नाही, तो दूर जातो. पण एकूण जळण कमी लागते, एवढे खरे.

घरी गाडी भरायची तर १५ अँपियरचा स्वतंत्र प्लग, जाड तार आणि चांगले अर्थिंग हवे. आपल्याकडील कातळात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते आणि चार्जर काम नाकारतो. तो बिघडला असे न समजता वायरमनला बोलवावे. पावसाळ्यात रात्रभर वीज जाते, म्हणून त्या दिवसांत एका दिवसाची शिल्लक नेहमी राखावी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असली तर गाडी खासगी, पिवळी असली तर भाड्याची. भाड्याची गाडी खूप धावलेली आणि जलद चार्जिंगवर पोसलेली असण्याचा संभव अधिक. आर.सी.वर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म मागावा. मालकी बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. व्यापाऱ्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो. हा दर विजेच्या जुन्या गाड्यांना जानेवारी २०२५ पासून आहे. दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात तो नाही. बॅटरीची हमी पुष्कळदा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांत जे आधी होईल तोवर असते. २०२० च्या गाडीची ती २०२८ मध्ये संपेल. ती दुसऱ्या मालकाला चालते का, आणि किती झीज झाल्यास बॅटरी बदलून मिळते, हे लेखी घ्यावे. मोबाईलवरील गाडीचे खातेही जुन्या मालकाच्या नावावरून काढून घ्यावे.

सारांश असा. आधी आपली वाट मोजा, मग बॅटरी मोजा आणि शेवटी पैसे मोजा. हा क्रम उलटला की माणूस फसतो. विज्ञान हे प्रयोगशाळेत कोंडून ठेवण्यासाठी नाही. पुस्तकातले त्रैराशिक अंगणात उतरले, म्हणून आमच्या घरातील चार बांगड्यांचे चीज झाले. पुतण्या आता पहाटे कोरड्या अंगाने घरी येतो. पाऊस कोसळत असला तरी सूनबाई दारात उभी राहत नाही. चहाचे आधण ठेवते.