प्लाझ्माचा गॅस संपत नाही

इटियाडोह धरणाच्या पंचक्रोशीत टीव्ही दोन वाटांनी येतो. नवा येतो अर्जुनी मोरगाव, वडसा नाहीतर गोंदियाच्या दुकानातून, हप्त्यावर. जुना येतो नागपूरच्या नातेवाइकाकडून, त्याने आणखी मोठा पडदा घेतला म्हणून. या जुन्यांत अजूनही एखादा पन्नास इंची प्लाझ्मा निघतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, चित्र पाहावं तर प्लाझ्माचंच. दुसरा म्हणतो, गॅस संपला की नुसता डबा. गंमत म्हणजे पहिल्याचं बरंचसं बरोबर असतं, तरी प्लाझ्मा घ्यावा असा त्याचा अर्थ होत नाही. दुसऱ्याचा सल्ला योग्य असतो, पण कारण साफ चुकीचं.

आधी व्यवहाराचं सांगतो. नवा प्लाझ्मा आज जगात कुठल्याच दुकानात मिळत नाही. पॅनासॉनिकने २०१३च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ संपता संपता. त्यामुळे 'प्लाझ्मा की एलईडी' हा प्रश्न उरला आहे तो घरात आधीच असलेल्या किंवा हातबदलीने येणाऱ्या संचापुरता. पण त्या जुन्या भांडणातले गैरसमज मात्र मेले नाहीत. तेच आता नवा टीव्ही घेणाऱ्याच्या मानगुटीवर बसतात, म्हणून ते एकदा निस्तरायला हवेत.

'गॅस संपला की प्लाझ्मा संपला'

प्लाझ्माच्या पडद्यात काचेच्या दोन तावांमध्ये बारीक बारीक कप्पे असतात. फुल एचडी पडद्यात असे सुमारे ६२ लाख. प्रत्येकात निऑन आणि झेनॉन वायूंचं मिश्रण कारखान्यातच कायमचं बंद केलेलं असतं. कप्प्याला विजेचा झटका बसला की वायूतून अतिनील किरण निघतात, ते आतल्या फॉस्फरच्या लेपावर पडतात आणि लेप लाल, हिरवा किंवा निळा उजळतो. घरातली ट्यूबलाइट याच तत्त्वावर पेटते. ट्यूबलाइटमध्ये कोणी गॅस भरून घेत नाही, तसा प्लाझ्मातही भरायचा नसतो. कोणी 'गॅस भरून देतो, अमुक हजार पडतील' म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. ते अतिनील किरणही पुढच्या काचेपलीकडे येत नाहीत, तेव्हा डोळ्यांची भीतीही नको.

काळानुसार मंदावतो तो फॉस्फर, आणि तोही फार हळू. शेवटच्या काही वर्षांतल्या पडद्यांची चमक निम्मी व्हायला एक लाख तास लागतील, असा कंपन्यांचा दावा होता. रोज पाच तास पाहिलं तर हे पन्नास वर्षांच्या वर जातं. प्रत्यक्षात पडद्याआधी मागचे बोर्ड जातात. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उन्हाळ्याने फुगतात, किंवा कप्प्यांना झटका देणारा बोर्ड जळतो, ज्याला मेकॅनिक 'वाय-सस' म्हणतात. हे बोर्ड आता नवे बनत नाहीत. दुसऱ्या मेलेल्या संचातून काढलेला मिळाला तर नशीब. म्हणून जुना प्लाझ्मा विकत घेऊ नये हे खरं, पण दोष गॅसचा नाही, सुट्या भागांच्या दुष्काळाचा आहे.

'एलईडी म्हणजे एलसीडीच्या पुढचं तंत्र'

सगळ्यांत जास्त फसवणारा समज हा. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो एलसीडीच असतो. समोर द्रवस्फटिकांचा पडदा, जो स्वतः प्रकाश देत नाही, फक्त मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. पूर्वी मागे पाऱ्याच्या बारीक ट्यूब असत, आता एलईडीचे दिवे असतात. बदलले ते दिवे. २००९च्या सुमाराला कंपन्यांनी त्या दिव्यांचं नाव अख्ख्या टीव्हीला दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ज्यात प्रत्येक ठिपका म्हणजे खरोखरच एलईडी, असा पडदा पाहायचा असेल तर लग्नाच्या मंडपात किंवा प्रचारसभेत स्टेजमागे उभारतात ती भिंत पाहा.

होम थिएटरसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सिनेमा म्हणजे निम्मा अंधार. प्लाझ्मात काळा ठिपका जवळजवळ विझलेला असतो. एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, पडदा त्याला अडवतो, आणि थोडा उजेड झिरपतोच. रात्रीच्या प्रसंगात काळं आभाळ राखाडी दिसतं ते यामुळे. म्हणून 'चित्र प्लाझ्माचंच' म्हणणारा अंधाऱ्या खोलीपुरता खोटं बोलत नाही. २००८-०९चे पायोनियरचे 'कुरो' संच हौशी लोक पुढे कित्येक वर्षं जपून वापरत होते ते काही उगाच नाही.

एलसीडीतही दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या सहसा सांगत नाही. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग बराच गडद येतो, त्याचा उजेड ढोबळमानाने पांढऱ्याचा तीन ते पाच हजारावा हिस्सा. आयपीएसमध्ये हजारावा, पण ते बाजूने बसलेल्यालाही नीट दिसतं. खोली अंधारी आणि पाहणारे समोरासमोर असतील तर व्हीए. ओसरीभर माणसं पसरून बसणार असतील तर आयपीएस. खोक्यावरच्या लाखालाखांच्या कॉन्ट्रास्टच्या आकड्यांकडे बघायचंही नाही. ते वेगवेगळ्या क्षणी मोजलेले असतात.

'प्लाझ्मा वाईट होता म्हणून बंद पडला'

तो बंद पडला ते वजनाने, विजेने आणि उजेडाने. या तंत्राचा जन्म १९६४चा, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातला. बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी ते शोधलं, तेही शिकवण्याच्या 'प्लेटो' नावाच्या संगणकाला पडदा हवा होता म्हणून. रंगीत आणि भिंतीवरचं व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. पण कप्पे एका मर्यादेपलीकडे लहान केले की त्यांचा उजेड घटत जातो, त्यामुळे लहान पडदा किंवा फोर-के पडदा स्वस्तात करणं जमेना. एलसीडी दरवर्षी स्वस्त होत गेला.

अशा वळणावर भलेभले चुकतात. औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्यामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या व्हिडिओकॉनने २००५मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, आणि सपाट पडद्यांनी पुढच्या काही वर्षांत ट्यूबचा बाजारच उठवला. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याची कारणं अनेक होती. पण ज्यांचं पोट टीव्हीवर होतं त्यांनाही पुढचा पडदा कुठला हे दिसलं नाही, मग दुकानात उभ्या गिऱ्हाइकाने स्वतःला दोष का द्यावा?

आता गावाकडचं घर डोळ्यांपुढे आणा. दार अंगणात उघडतं, दुपारभर उजेड आत येतो, वर कवेलू किंवा टिन. प्लाझ्माची काच आरशासारखी चमकते आणि सगळा पडदा उजळ असला की वीज आवरायला तो आपणहून मंद होतो. दिवसा क्रिकेट पाहताना हिरवं मैदान धुवट दिसतं. एलईडीच्या दिव्यांना ही अडचण नाही. वजन म्हणाल तर पन्नास इंची प्लाझ्मा पंचवीस-तीस किलोच्या घरात, पंचावन्न इंची एलईडी साधारण त्याच्या निम्म्याने. मातीच्या भिंतीला खुंटी ठोकणाऱ्याने हा फरक आधी पाहावा.

विजेचा हिशेब तर कागदावर मांडूनच दाखवतो. प्लाझ्मा सरासरी २५० वॅट धरा, एलईडी १००. रोज पाच तास, तर वर्षाला ४५६ युनिट आणि १८३ युनिट. फरक २७३चा. युनिटला दहा रुपये धरले तर दरसाल सत्तावीसशे रुपये, आणि हे 'फुकट मिळालेल्या' टीव्हीचे. लाइन गेल्यावर आणखी कळतं. १५० एएचच्या बॅटरीवर दोन पंखे आणि एलईडी टीव्ही निवांत चार तास चालतात. तिथे प्लाझ्मा जोडला तर सिनेमाचा शेवट बहुधा दुसऱ्या दिवशी पाहावा लागतो.

'६०० हर्ट्झ' हा प्लाझ्माचा आणखी एक मिरवायचा आकडा. तो सेकंदाला सहाशे चित्रं नव्हेत. पन्नास चित्रांतलं प्रत्येक बारा तुकड्यांत दाखवलं की गुणाकार सहाशे येतो, एवढंच. आजच्या एलईडीच्या खोक्यावरचे 'मोशन' नावाचे मोठमोठे आकडे याच कुळातले.

'फोर-के घेतला की सगळंच स्वच्छ दिसतं'

फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडी, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. फोर-के पडद्यावर ठिपके ३८४० बाय २१६०. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. म्हणजे छत्रीतून आलेल्या एका ठिपक्यापासून टीव्हीला वीस ठिपके अंदाजाने भरायचे असतात. मालिका पाहताना चेहरे मेणाचे वाटतात ते पॅनेल वाईट म्हणून नव्हे, मुळात माल कमी आला म्हणून. सेटटॉप बॉक्स एचडी असेल तर तो तीन रंगांच्या पिनांनी न जोडता एचडीएमआयने जोडा, एवढ्यानेही पुष्कळ सुधारतं.

अंतराचंही तसंच. पंचावन्न इंची पडद्यासमोर साडेसात फुटांवर बसलं तर चित्र नजरेचा सुमारे तीस अंशांचा कोन व्यापतं, सिनेमाला तेवढं पुरे. पण सात फुटांच्या पलीकडे गेलं की साधारण चांगल्या डोळ्यालाही फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक कळेनासा होतो. बारा फुटांवरच्या पलंगावरून पाहायचं आणि फोर-केसाठी जादा पैसे मोजायचे, यात फायदा दुकानाचा.

काही गोष्टी मात्र दुकानात कळतच नाहीत. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी जिथवर जातं तिथवर धान, आणि धान म्हटलं की पावसाळ्याच्या शेवटी दिव्यावर तुटून पडणारे तुडतुडे. खोलीतला दिवा मालवला की सगळ्यांत उजळ वस्तू उरते टीव्ही. तुडतुडे पडद्यावर बसून राहतात, त्यांचं एक वेळ चालेल. पण चिलटांहून बारीक किडे मागच्या फटींतून शिरून पडदा आणि दिव्यांमधल्या थरात पोहोचू शकतात. असा काळा ठिपका हलताना दिसला तर बोटाने दाबू नका. चिरडला गेला तर तो कायमचा तिथेच राहतो. टीव्ही बंद करून खोलीत दुसरीकडे दिवा लावला तर बहुधा आपणहून निघून जातो. खिडकीला बारीक जाळी आणि रात्री कमी केलेला ब्राइटनेस, याहून चांगला उपाय नाही.

दुसरी गोष्ट स्टॅबिलायझर. 'व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर हवाच' हे जुन्या डब्याच्या काळचं. आजच्या बऱ्याच संचांच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, दाब उतरला तरी ते चालतात. त्यांना मारतो तो चढलेला दाब. खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. म्हणून दाब वाढवणारं नव्हे, जास्त दाबाला लाइन तोडणारं यंत्र घ्या. आणि मृगाच्या आधी गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज छत्रीच्या वायरीतूनही येते. प्लग काढायचा आणि बॉक्सची एचडीएमआयही टीव्हीतून उपसायची.

उन्हाळ्याचं एका ओळीत: माहितीपुस्तिकेत बहुधा ४० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि आपल्याकडे मे महिना तिला जुमानत नाही, तेव्हा संच टिनाजवळ उंचावर टांगू नका आणि मागे हवेला चार बोटं जागा ठेवा.

'होम थिएटर म्हणजे मोठा टीव्ही', किंवा 'दहा हजार वॅटचा डबा'

वडशाची नाटकं पाहिलेल्या माणसाला आवाजाचं महत्त्व मी काय सांगावं! दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर बसून झाडीपट्टीचं नाटक पाहणारा माणूस मागच्या रांगेतून पात्राची रंगभूषा पाहत नसतो, तो संवाद आणि गाणं ऐकत असतो. घरी मात्र तोच सगळे पैसे पडद्यात घालतो आणि खाली तोंड केलेल्या टीव्हीच्या दोन चिमुकल्या स्पीकरांवर सिनेमा ऐकतो.

बाजारात 'होम थिएटर' नावाने विकतात ते स्पीकरचे संच 'पीएमपीओ' वॅट सांगतात. त्या आकड्याला कसलंच ठरलेलं मोजमाप नाही, विकणारा म्हणेल तेवढे वॅट. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, विचारा. तीस-चाळीस आरएमएस वॅटचे दोन चांगले स्पीकर बारा बाय बाराच्या खोलीला भरपूर होतात. फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असेल तर पाच स्पीकर लावूनही संवाद घुमतातच. तिथे आधी भिंतीला जाड पडदा आणि खाली गोधडी-सतरंजी, मग स्पीकर. टिनावर पाऊस कोसळायला लागल्यावर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच कंपनीकडे नाही.

माझा कौल विचाराल तर उजेडाच्या घरात त्रेचाळीस ते पंचावन्न इंची एलईडी, आणि एकूण रकमेचा चौथा हिस्सा आवाजासाठी बाजूला. सप्टेंबर २०२५पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो वाचलेला पैसाही स्पीकरकडे वळवावा. खोली खरंच अंधारी करता येत असेल, रात्रीच सिनेमे पाहायचे असतील आणि खिसा जड असेल तर प्लाझ्माचा खरा वारस ओएलईडी आहे. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्याने प्लाझ्माचा एक दुर्गुणही घेतला आहे: बातम्यांची पट्टी आणि चॅनेलचा लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याचा डाग उमटतो. दिवसभर बातम्या चालणाऱ्या घरात तो नको.

आणि नागपूरहून प्लाझ्मा येणारच असेल तर टेम्पोत चढवण्याआधी अर्धा तास चालवून पाहा. एकसारखं राखाडी चित्र लावा, जुन्या लोगोचा डाग असेल तर त्यावर दिसेल. खोली शांत करून कान लावा. हलकी गुणगुण चालते, तडतड चालत नाही. नेताना उभाच न्या, आडवा टाकला तर काच तडकू शकते. पुढे तो मेला तर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. जुन्या पॅनेलांच्या काचेत शिसं असतं, आणि २०२३च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी असे संच नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवा टीव्ही घेताना दुकानदाराला जुन्याच्या बदल्यात काय देतो हे विचारायचं ते याच वेळी, पैसे हातात असताना.