नामवाक्य आणि जेरंड: शेपूट पाहू नका, काम पाहा

इंग्रजीच्या पेपरात नामवाक्य आणि जेरंड ओळखताना अभ्यासू मुलांचेही गुण जातात. नियम पाठ असतात, पण उत्तर शब्दाच्या रूपावरून ठरवले जाते. खरे तर आधी विचारायला हवे की हा शब्दसमूह वाक्यात कोणाचे काम करतो?

गैरसमज १: ‘दॅट’ने सुरू होते ते नामवाक्य.
वस्तुस्थिती: ही दोन वाक्ये पाहा.
‘द न्यूज दॅट ही रिझाइन्ड शॉक्ड अस.’
‘द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड अस.’
पहिल्यात बातमी काय होती ते कळते. त्याने राजीनामा दिला, हीच बातमी. म्हणून ते नामवाक्य. दुसऱ्यात बातमी कोणती, एवढेच कळते. म्हणून ते विशेषणवाक्य. दुसऱ्यात ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालतो, पहिल्यात चालत नाही. उलट ‘आय नो ही इज ऑनेस्ट’ यात ‘दॅट’ गाळलेला आहे, तरी ‘ही इज ऑनेस्ट’ हे नामवाक्यच.

गैरसमज २: शेवटी ‘आयएनजी’ आले की जेरंड.
वस्तुस्थिती: ‘स्विमिंग इन द रिव्हर इज रिस्की’ यात पहिले चार शब्द मिळून कर्ता होतात. त्यांच्या जागी ‘इट’ ठेवा, वाक्य शाबूत राहते. ही जेरंड फ्रेज. ‘स्विमिंग इन द रिव्हर, शी सॉ अ स्नेक’ यात मात्र ‘इट’ ठेवताच वाक्य मोडते, कारण तेच चार शब्द इथे ‘शी’बद्दल माहिती देतात. हे पार्टिसिपल.

गैरसमज ३: नामवाक्य आणि जेरंड दोन्ही नामाचे काम करतात, म्हणजे दोन्ही एकच.
वस्तुस्थिती: ‘आय रिग्रेट दॅट आय सेड इट’ यात ‘आय’ हा कर्ता आणि ‘सेड’ हे काळ दाखवणारे क्रियापद आहे, म्हणून ते उपवाक्य. ‘आय रिग्रेट सेइंग इट’ यात ‘सेइंग’ला स्वतःचा काळ नाही, म्हणून ती फ्रेज.

गैरसमज ४: ‘टू’नंतर नेहमी मूळ क्रियापद.
वस्तुस्थिती: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, ‘टू मीटिंग यू’ बरोबर. शंका आली तर ‘टू’नंतर साधे नाम ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ चालते, म्हणजे हा ‘टू’ प्रेपोझिशन आहे आणि त्यापुढे जेरंडच हवे.

गैरसमज ५: प्रश्नार्थक शब्द आला की रचनाही प्रश्नाची.
वस्तुस्थिती: मराठी मुले इथे हमखास अडकतात. ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो हे मला माहीत नाही’ यांत मराठीत शब्दक्रम बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. प्रश्न ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’ असा, पण नामवाक्यात ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.’ ‘डझ’ जातो आणि कर्ता क्रियापदाच्या आधी येतो.

शिक्षकांना एक विनंती: व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांना अशी वाक्यांची जोडी फळ्यावर द्या आणि फरक त्यांनाच शोधू द्या. शोधलेला फरक परीक्षेनंतरही लक्षात राहतो.